स्फटिक फिरला कशावरून?

माझी सगळी नोकरी एका दाण्यात गेली. राजगिऱ्याएवढा स्फटिक, हवा काढून घेतलेल्या नळीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीच्याही पलीकडच्या थंडीत, हळूहळू फिरवायचा. पाहुण्यांनी विचारलं की बायको सांगायची, "हे दाणा फिरवतात. सरकार पगार देतं." नारायण पेठेत याहून जास्त खुलासा कुणी मागत नाही.

फिरवायचा अशासाठी की दिशा बदलली की स्फटिकातून वीज वाहण्याची तऱ्हा बदलते, आणि त्या बदलावरून त्याच्या आत काय चाललंय ते कळतं. बोलायला सोपं आहे. एवढ्या थंडीत वंगणाचा दगड होतो. धातू आकसतात आणि एकमेकांना धरून बसतात. फिरवताना जरा घासलं की ऊब तयार होते आणि मुश्किलीने आणलेली थंडी निघून जाते. आत डोकावायला खिडकी नसते. बाहेर एक मूठ असते आणि तिच्याशेजारी अंश दाखवणारा काउंटर. मूठ फिरवायची, काउंटर वाचायचा आणि आत दाणाही तेवढाच फिरला असं धरून चालायचं.

माझं फिरवायचं यंत्र दातेरी चाकांचं होतं. आम्ही त्याला रोटेटर म्हणायचो. ते फिरायचं, पण तापायचं. कितीतरी वर्षं मी त्याचे दाते घासत होतो आणि ते तापतच होतं. लोक म्हणायचे, सर फार कमी बोलतात, सगळं लक्ष कामात. कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल पुण्यात फार लवकर चांगलं मत होतं. मी ते कधी खोडून काढलं नाही.

मग ती आली. माझ्या हाताखाली, कंत्राटावर. मूळची हिंजवडीची. जिथे तिच्या आजोबांचं भातखाचर होतं तिथे आता काचेची इमारत आहे आणि कंपनीच्या बसगाड्या वळतात. घराण्यात पहिली डॉक्टरेट तिची. पहिल्याच आठवड्यात मी जेवणाच्या टेबलावर म्हणालो होतो, "भाऊ मोठी गाडी फिरवतो, बहीण दाणा फिरवणार. घरात सगळे फिरवणारेच." सगळे हसले. तीही हसली आणि म्हणाली, "आणि सर, जमीन फिरवली बिल्डरने. तो राहिला." त्यावर जास्त हसले.

तेव्हापासून मी तिला "मॅडम" म्हणू लागलो. हा शब्द कसा उच्चारायचा ते मला चांगलं येतं.

तिने दीड वर्षात रोटेटर केला. शर्टाच्या गुंडीएवढी चकती, जुन्या मनगटी घड्याळात असतात तशा दोन खड्यांवर तोललेली. चाक नाही, दाते नाहीत, वंगण नाही. एका बाजूने पतंगाच्या दोऱ्याहून बारीक धागा, दुसऱ्या बाजूने स्प्रिंग. धागा वर येऊन मुठीच्या रिळावर सैलसर गुंडाळलेला. सैल मुद्दाम. आत काही अडकलंच तर धागा तुटायच्या ऐवजी रिळावर नुसता घसरावा. मी पाहिलं आणि मला लगेच कळलं, हे बरोबर आहे. इतकं बरोबर की मी काही बोललो नाही.

संचालक बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा तिने दोन्ही यंत्रं शेजारी मांडून दाखवली. कुणीतरी विचारलं, फरक काय? ती म्हणाली, "सरांच्या रोटेटरवर चहा होतो. माझ्यावर होत नाही."

संचालक खूप हसले. मीही हसलो. पाहुणे गेल्यावर ती धावत आली. "सर, राग नाही ना आला? मी आपली गंमत..."

"छे हो, मॅडम."

तिची जागा कायम करायची की नाही हे ठरवायला समिती येणार होती. समितीपुढे तिने आपल्या यंत्रावर केलेलं एक मोजमाप मांडायचं, एवढंच. तिचा अंदाज होता की तिचा स्फटिक दिशा बदलली की अगदी वेगळा वागेल. तो अंदाज मला पटला होता. हेही मी तिला सांगितलं नव्हतं.

समितीच्या आधी खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा होते. पंपांना झेंडूच्या माळा, लेथला हळदीकुंकू, सगळ्यांना पेढे. अंधश्रद्धेवर लेख लिहिणारेसुद्धा पेढ्याच्या वेळी हजर असतात. घरची माणसं आणायची मुभा असते. एक नियम मात्र कुणी न सांगता सगळे पाळतात: जे काही लावायचं ते बाहेरून. जी वस्तू निर्वातात जाणार तिला उघड्या बोटाचा डागसुद्धा चालत नाही. यंत्राच्या पेटीला कुंकू लागतं, पोटाला नाही.

तिची आई आली होती. हातात स्टीलचं ताट, डोक्यावर पदर. लेकीला तेवढ्यात संचालकांनी वर बोलावून घेतलं. आई माझ्यासोबत खोलीत राहिल्या.

"सायब, माज्या लेकीचं हत्यार कंचं?"

टेबलावर काचेच्या झाकणाखाली रोटेटर उघडा होता. दसऱ्याच्या सुट्टीनंतर त्यावर स्फटिक बसायचा होता. मी बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. मी झाकण उचललं.

त्या वाकून बघायला लागल्या. "येवढंच? म्या म्हनलं मोट्टं मशीन असंल. ह्ये तर गुंडी हाय!" त्या हसल्या. मग ताटातली वाटी उचलली. "पान्यानं कुकू लोखंडावर ऱ्हात न्हाय. म्हनून त्यालात कालवून आनलंय. हितं लावलं तर चालंल का, सायब? तुमी सांगा. मला यातलं कळत न्हाय."

तेल. जे त्या थंडीत दगड होतं. आणि त्यात कुंकवाची पूड.

"लावा की," मी म्हणालो. "मधोमध लावा."

त्यांनी करंगळीशेजारच्या बोटाने आधी हळद लावली, मग कुंकू. डोळे मिटून हात जोडले. मग मला विचारलं, "तुमचं हत्यार कंचं? त्येला बी लावते."

"त्याला बाहेरून लावा," मी म्हणालो. "पेटीला."

इथे मी लिहिणार होतो की त्या क्षणी मला नीट सुचलं नाही, बाईंचं मन मोडवलं नाही. बरीच वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. पण माझ्या यंत्राची वेळ आली तेव्हा मला नीट सुचलं होतं. एका श्वासात दोन यंत्रांना दोन नियम सांगितले मी.

त्या पेढे घ्यायला गेल्या. मी खिशातला रुमाल काढून चकतीवरचं कुंकू पुसलं. दिसत होतं तेवढं. मधोमध जी बारीक फट होती, जिच्या खाली खडे होते, तिथे रुमाल जात नाही. झाकण ठेवलं. घरी बायकोने रुमाल धुवायला घेतला आणि ओरडली, "हे काय, प्रयोगशाळेत लग्न लावलंत का कुणाचं?" मी उत्तर दिलं नाही. तिला सवय होती.

स्फटिक बसवला त्या दिवशी तिने मूठ फिरवून पाहिली. साध्या हवेत चकती छान फिरली. तेल पातळ होतं तोवर फिरणारच. झाकणं बंद झाली, पंप सुरू झाला. थोड्या वेळाने ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, आज व्हॅक्यूम उशिरा येतंय. आत काही राहिलं असेल का? उघडून बघू?"

उघडून बघितलं असतं तर तिला सगळं दिसलं असतं आणि एका दिवसात साफ झालं असतं.

"येईल," मी म्हणालो. "घाई करू नका म्हणजे येतं."

आलं. थंडी आली. तिने मूठ फिरवली आणि काउंटर सरकला. आत चकती गोठून बसली होती आणि तिने इतक्या काळजीने सैल ठेवलेला धागा रिळावर गुळगुळीत घसरत होता. पडद्यावरची रेघ सरळ आली. टेकडी नाही, दरी नाही. दिशा बदलली तरी स्फटिक तसाच. तिने पुन्हा केलं, पुन्हा सरळ. माझ्याकडे बघून म्हणाली, "माझा अंदाजच चुकला, सर."

"होतं असं," मी म्हणालो.

समितीपुढे तिने तेच सांगितलं. दुसरं कुणी असतं तर गोलमाल केला असता. तिने स्वच्छ सांगितलं: मला बदल अपेक्षित होता, बदल दिसत नाही, मी चुकले. समितीतल्या माणसांना हे आवडलं होतं, त्यांच्या माना हलत होत्या. तिची जागा कायम होणार होती. मी ते बघत होतो. आणि मी, जो कुठल्याच सभेत बोलत नाही, त्याने हात वर केला.

"मॅडम, स्फटिक फिरला कशावरून?"

"काउंटर, सर. पूर्ण फेरी दाखवत होता."

"काउंटर बाहेर असतो."

तिचा चेहरा मला आजही दिसतो. त्यात माझ्यावर राग नव्हता. ती विचार करत होती. सगळ्यांसमोर उभी राहून ती मनात धागा, रीळ, स्प्रिंग तपासत होती. समितीतले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "म्हणजे बाळ झोपलेलंच, आणि तुम्ही आपली बाहेरून पाळण्याची दोरी ओढत होता!" सभागृह हसलं. ती सरळ रेघ भिंतीवर तशीच होती. त्या रेघेकडे पाहून लोक पुन्हा हसले.

दुसऱ्या दिवशी तिने यंत्र उघडलं आणि मला हाक मारली. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही खड्यांभोवती लाल कडं होतं. तिने तिथूनच आईला फोन लावला.

"आई, तू त्या दिवशी आत हात लावलास? ... कुणी सांगितलं? ... काय?" मग हळू आवाजात, "असं काहीतरी बोलू नकोस. मी ठेवते."

फोन खिशात टाकून ती माझ्यासमोर उभी राहिली. बोलायची लाज वाटत होती तिला.

"सर, आई म्हणते, तुम्ही लावा म्हणालात."

बोलायची तीच एक वेळ होती. मी बराच वेळ गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याला वजन आहे हे मला ठाऊक होतं.

"आईंचं वय झालंय," मी म्हणालो. "घाबरल्या असतील. घाबरून वरचं पुसूनही टाकलं असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सॉरी सर. मी तुम्हाला विचारायलाच नको होतं."

माझी माफी मागितली तिने.

तिची जागा झाली नाही. ती हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली, आजोबांच्या भातखाचराच्या आसपास कुठेतरी, वरच्या कुठल्या तरी मजल्यावर. रोटेटर आमच्याकडेच राहिला. मी त्याचे खडे धुतले, पुन्हा बसवले आणि तिचाच स्फटिक त्यावर ठेवला. रेघ उठली. अशी उठली की मी खुर्चीत मागे टेकलो. तिचा अंदाज शंभर टक्के बरोबर होता. तो शोधनिबंध माझ्या नावावर छापून आला. तिचे आभार मानले होते, खाली, बारीक अक्षरात, पंप दुरुस्त करणाऱ्याच्या आधी.

इथेच हे संपलं असतं, आणि मी काही लिहिलं नसतं.

यंदा तिचा फोन आला. इतक्या वर्षांनी. आवाज तसाच. ती आता वारज्याला राहते, आई तिच्याकडेच आहे.

"सर, एक मदत हवी होती. आईला मेमरीच्या डॉक्टरांकडे नेतेय. ती हल्ली विसरते. गॅस चालू ठेवते, एकच गोष्ट तीनदा सांगते. डॉक्टरांनी विचारलंय, हे सुरू कधी झालं? पहिली घटना कुठली? म्हटलं, पहिली म्हणजे ती खंडेनवमीच. न घडलेलं घडलं म्हणून इतकं ठामपणे सांगत होती ना ती. अजूनही सांगते. तुम्ही तिथे होता, म्हणून विचारते. त्या दिवशी ती आणखी काही विचित्र वागली होती का?"

मी म्हणालो, "घरी येऊन सांगतो."

वारज्याच्या त्या घरात आई बाल्कनीत मेथी निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"या सायब. लई दिसांनी."

लेक म्हणाली, "आई, कोण आहेत आठवतं?"

"न आठवाया काय झालं? गुंडी दावनारे."

मी खुर्चीच्या कडेला बसलो. चहा आला, मी त्याला हात लावला नाही. आणि सांगितलं. झाकण मी उचललं. त्यांनी विचारलं होतं. तेल मला माहीत होतं. लावा म्हणालो, मधोमध म्हणालो. माझ्या यंत्राला बाहेरून लावायला सांगितलं. पुसलं मी. व्हॅक्यूम उशिरा का येत होतं, हेही मला तेव्हाच माहीत होतं. मग समिती. मग ते वय झाल्याचं वाक्य. सलग इतकं मी आयुष्यात बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर हलकं वाटेल अशी माझी समजूत होती.

आईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"म्हनलं न्हवतं का म्या?"

आई माझ्याकडे वळल्या. "येक सांगा सायब. मंग माज्या कुकवानं बिघडलं, का न्हाय?"

त्या बाईंना माझ्याकडून एकच शब्द हवा होता. नाही. एवढा एक शब्द मी खोटा बोललो असतो तर चाललं असतं, या सगळ्यात खपून गेला असता. पण खरं बोलायचं ठरवून आलो होतो आणि त्या नशेत होतो.

"तेलानं," मी म्हणालो. "तेल गोठलं."

"म्हंजे माज्याच हातानं."

"हो."

त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. लेक उठून दारापर्यंत गेली आणि दार उघडून उभी राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, निघा.

"सर," ती म्हणाली, "मी तिच्यावर ओरडले होते. वर्षभर बोलले नव्हते धड. नंतर बोलायला लागले ते, तिला समजत नाही असं धरून. ती काही सांगायला लागली की मी दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करते. भाजीवाल्याला विचारते. वॉचमनला विचारते. तिच्यासमोर." ती थांबली. "आता ती खरंच विसरते. पण कुठलं तिचं विसरणं आणि कुठलं मी तिच्यावर लादलेलं, ते मला नाही सांगता येत. तुम्हाला येतं?"

मी खुर्चीवरून उठलो.

"उद्या डॉक्टरांकडे तुम्ही यायचं. आणि हेच तिथे बोलायचं. चिठ्ठी नको, फोन नको. तुमच्या तोंडानं."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. डॉक्टर तरुण होते, मायेने बोलत होते. आजी, आज वार कुठला? आजी, सकाळी काय खाल्लं? आईंना वार सांगता आला. खाल्लेलं सांगता आलं नाही. त्या लेकीकडे बघू लागल्या आणि लेकीने उत्तर सांगायला उघडलेलं तोंड मिटलं. मग डॉक्टरांनी माझ्याकडे हात केला.

"आजी, हे कोण? ओळखता?"

"वळखते की," आई म्हणाल्या. "ह्येंनी मला येडी ठरवली."

डॉक्टर समजुतीने हसले आणि लेकीकडे पाहिलं. नातेवाईकांकडे बघतात तसं, हे असं कधीपासून बोलतात, अशा नजरेने. मला ती नजर ओळखीची होती. लेकीला ती मीच शिकवलेली.

लेक हसली नाही.

"सर," ती म्हणाली, "बोला."